नाकवाले साहेब

माझे मामा सरकारी तपासनीस होते. मांसासाठी पाळलेल्या कोंबड्यांना शेडमध्ये नीट ठेवलंय का, हे बघणं त्यांचं काम. दाटी किती आहे, पाणी सगळ्यांपर्यंत पोचतंय का, खाली पसरलेलं तूस कोरडं आहे का, हवा कशी आहे. लोक हसायचे. “महिना-सव्वा महिन्यात कापायच्याच आहेत, मग एवढी कसली सरबराई?”

मामा म्हणायचे, “तेवढे दिवस तर जगायच्यात ना.”

हवा मोजायचं यंत्र कचेरीत एकच होतं आणि ते कायम दुरुस्तीला गेलेलं. त्यामुळे मामांचा सगळा कारभार नाकावर. विष्ठेने तूस ओलं झालं की त्यातून अमोनिया उठतो आणि जमिनीलगत साचतो; कोंबड्यांचे डोळे आणि तळपाय त्यानेच जळतात. म्हणून मामा शेडच्या मधोमध गुडघे टेकून बसायचे, मान कोंबड्यांच्या उंचीला आणायचे आणि दीर्घ श्वास घ्यायचे. शेडवाले त्यांना ‘नाकवाले साहेब’ म्हणत. मामी मात्र घरी आल्या आल्या त्यांना आधी न्हाणीघरात पिटाळायची. “साहेब असाल कचेरीत. त्या कपड्यांनी माझ्या सतरंजीवर बसायचं नाही.”

कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहत होते. एका रविवारी मामी गॅसवर दूध ठेवून शेजारी गेली. मामा स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलेले. मी बाहेरून आले तर जिन्यातच करपल्याचा वास. आत पातेलं काळं ठिक्कर पडलेलं आणि मामा निवांत पान उलटतायत. मामी धावत आली. “अहो, नाक आहे की नुसतं शोभेला लावलंय?”

मामा हसले. पण मामी पातेलं घासायला वळल्यावर त्यांनी फळीवरचा साबण उचलून नाकाला लावला. मग रॉकेलची बाटली. मग कपाटातल्या डांबरगोळ्या. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“सर्दी असेल,” ते म्हणाले. त्यांना सर्दी नव्हती.

पुढे थंडी वाढली. एका सकाळी कत्तलखान्यातल्या डॉक्टरांचा मामांना फोन आला. एका शेडमधून आलेल्या गाडीतल्या कोंबड्यांचे डोळे चिकटलेले होते, तळपाय भाजल्यासारखे झाले होते. नुकतीच मामांनी ती शेड तपासून ‘हवा ठीक’ असा शेरा दिला होता. फोन ठेवून मामांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाले, “चल माझ्याबरोबर. काम आहे.”

काम काय ते शेडच्या दारात कळलं. मी एक पाऊल आत टाकलं आणि नाकातून थेट मेंदूत सुई गेल्यासारखं झालं. डोळ्यांना धारा लागल्या. मी तोंड दाबून बाहेर पळाले. वळून पाहिलं तर मामा उरलेल्या कोंबड्यांमध्ये गुडघे टेकून बसले होते. छाती भरून श्वास घेत होते, पुन्हा पुन्हा. त्यांचेही डोळे वाहत होते, पण चेहऱ्यावर वास आल्याची खूण नव्हती. त्यांनी एक कोंबडी उचलून उलटी केली. तळव्यांवर काळ्या खपल्या होत्या. तिने पाय झाडलेसुद्धा नाहीत.

शेडवाली बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “साहेब, आम्ही हवेसाठी बाजूचे पडदे वर करणारच होतो. तूसही बदलणार होतो. पण तुम्ही ठीक म्हणालात. आम्हाला वाटलं, आमचंच नाक चुकतंय.”

मामांनी कोंबडी हलकेच खाली ठेवली. “माझं चुकलं, ताई,” ते म्हणाले. “पडदे आत्ता वर करा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, “अहो, निवृत्ती तोंडावर आली तुमची. कशाला बोभाटा करता? नाक गेलं तर गेलं, डोळे आहेत ना?”

“या हंगामात मी पास केलेल्या सगळ्या शेड पुन्हा तपासायला हव्यात,” मामा म्हणाले.

“आणि तपासणार कोण?”

 मामांना फिरतीवरून काढून कचेरीतल्या मागच्या खोलीत बसवलं. त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. शेडचे परवाने तपासणीशिवाय टेबलावरच नवे होऊ लागले. खरं बोललो नसतो तर निदान डोळ्यांनी तरी बघत राहिलो असतो, असं मामा एकदाच म्हणाले.

एका सुट्टीच्या दिवशी ते स्वतःहूनच एका जुन्या शेडवर गेले. मालकाने खुर्ची दिली, चहा दिला, पण आत सोडलं नाही. “आता कुठल्या अधिकाराने बघणार, साहेब?”

त्यानंतर मामा चौकात उभे राहायला लागले. कत्तलखान्याच्या गाड्या तिथे सिग्नलला थांबत. जाळीच्या पेट्यांमधून बाहेर आलेले पाय ते वाकून बघत. कधी गाडी सुटायची, धूळ उडायची, तरी ते तसेच वाकलेले. मी कॉलेजमधून येताना दंडाला धरून त्यांना घरी आणायचे.

“कसे होते?” मी विचारायचे.

“वाईट,” ते म्हणायचे, आणि आम्ही चालत राहायचो.