मासळीवाल्या मावशीची ग्रीक राणी

१२ नोव्हेंबर. पाहुणे गेले होते, त्यांच्या चादरी मी वाळत घालत होते. तेवढ्यात आमची मासळीवाली मावशी फाटकातून भांडतच आत आली. माझ्याशी नव्हे, पुस्तकाशी. पुस्तकाशी इतकं मन लावून भांडणारं माणूस अख्ख्या नागावात दुसरं नाही.

सातवी शिकलेली. चष्मा जाळ्याच्या दोऱ्यानं कानाला बांधलेला, पानात खुणेला सुका बोंबील. म्हणून तिला दिलेलं पुस्तक मी परत मागत नाही. ती शेवटचं पान आधी वाचते, विचारलं तर म्हणते, "कल्ले न बघता मासा घेतेस काय, ताई?" या वेळी पाहुणे विसरून गेलेली एक कादंबरी तिच्या हाती लागली होती. गोष्ट जुनी, ग्रीस देशातली: राजा लढाईला जातो, समुद्रात भरकटतो, वीस वर्षांनी परततो. इथे मात्र ती नव्यानं सांगते राणी. हातातलं कापड विणून झालं की दुसरं लग्न करीन, असं ती मागे लागलेल्यांना सांगते आणि दिवसाचं विणलेलं रात्री उसवते. मावशीला हे पटेना. तिनं नवऱ्याच्या जाळ्याचा एक कोपरा उसवून बघायला घेतला. गाठी सुटेनात, शेवटी कापल्या. नवरा दोन दिवस बोलला नाही. "कापड व्हतं म्हनून निभावलं तिचं," एवढं तिनं मान्य केलं.

राजा भिकाऱ्याच्या वेषात येऊन बायकोला पारखतो, तिथवर मावशी त्या सकाळी पोचली होती. "वीस वरसांनी आलाय, नि परीक्षा तिची? दाबून बघायला ती पापलेट हाय काय? येवढी वरसं राज्य कोनी चालवलं? वाट बघनं म्हंजे नुसतं बसनं न्हाय, ताई." तिनं माशांच्या पाटीवर हात आपटला तशी कोळंबी उडाली.

सोबत सून होती. तिचा नवरा मालवाहू जहाजावर, होळीपर्यंत येणार नाही. तिला अलिबागला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम मिळालं होतं, उद्याच हजर व्हायचं होतं. मावशी म्हणत होती, पोरगा येऊ दे, मग बघू.

सून कोळंबी गोळा करत म्हणाली, "आई, राणीची बाजू येवढी घेताय. माझी कोन घेनार?"

मावशी हळू म्हणाली, "बंदरावर भरली पाटी डोक्यावर कोन चढवनार माज्या? एकटीला उचलत न्हाय आता."

"मी येते," मी म्हणाले.

"तुला जमनार न्हाय."

"गॅसचा सिलिंडर पायऱ्या चढवून घरात कोण आणतं माझ्याकडे?"

मावशीनं बराच वेळ पाटीतली मासळी उगाच खालीवर केली. मग सुनेला म्हणाली, "साडी नको नेसू उद्या. एसटीत चढताना अडकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बंदरावर गेले आणि पाटी तिच्या डोक्यावर चढवली. रस्त्यावरून सुनेला घेऊन अलिबागची एसटी गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही मावशी जागची हलली नाही, आणि मीही तिला घाई केली नाही.