बेल्ह्याच्या राउटरचा पासवर्ड

हे मी बायकोपाशीही कधी बोललो नाही. दारूच्या भरात बोलावं, तर तीही सवय नाही. म्हणून शुद्धीत लिहून टाकतो – आणि आज अर्ध्यावर सोडणार नाही.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे अजूनही छाती काढूनच सांगतो. दोन हजार सालानंतर जुन्नरकडच्या एका दूध संघात संगणक विभाग माझ्याकडं आला. बेल्हे, निमगाव सावा, बोरी बुद्रुक – प्रत्येक संकलन केंद्रावर एक राउटर. केंद्राचा संगणक मुख्य कचेरीशी जोडणारी पेटी, एवढंच समजा. एकदा निमगावचा राउटर विजेनं जळाला. नवा आणला, पण जुन्यातली सेटिंग कुणीच उतरवून ठेवलेली नव्हती. दिवसभर कॅन रांगेत. मग व्यवस्थापक म्हणाले, सगळ्या राउटरची सेटिंग रोज आपोआप जपून ठेवेल असं काहीतरी निवडा.

निवडायचं होतं मी आणि कल्पनानं. ती माझ्या हाताखाली. बोरीची, तीही बीएस्सी, आणि तोंडानं फटकळ. तिनं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर शोधलं – काळा पडदा, सगळं टाइप करून चालवायचं. मी पुण्याच्या विक्रेत्याचं रंगीत, बटणांचं धरून बसलो. चांगलं होतं म्हणून? नाही. काळ्या पडद्यापुढं मला काही सुधरत नव्हतं, आणि ते तिला कळलं होतं. एकदा सगळ्या कचेरीसमोर म्हणाली, "सर, बटणं न्हाईत म्हणून भ्या वाटतंय व्हय?" शिपायासकट सगळे हसले. मीही हसलो. पण ते आत जाऊन बसलं.

तिचा मुद्दा सरळ होता. खंडेनवमीला आपल्याकडं यंत्रं बंद करून, पुसून, झेंडू वाहतात. राउटरमध्ये केलेला बदल कायमचा नोंदवायचा राहिला असेल, तर बंद केल्यावर तो पुसला जातो. तिचं सॉफ्टवेअर चालू सेटिंग उतरवून घ्यायचं. माझं फक्त कायमची नोंदवलेली. हे मला पटलं नव्हतं का? – पटलं होतं.

ठरलं असं, की बेल्ह्याच्या राउटरवर दोन्ही चालवून बघायची आणि व्यवस्थापकांसमोर निकाल लावायचा. तिचं रोज बिनचूक चालत होतं. आदल्या संध्याकाळी – कसं सांगू? सांगतोच. दोन्ही सॉफ्टवेअर रात्री पासवर्ड टाकूनच त्या राउटरमध्ये शिरायची; मी तो पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड माझ्या सॉफ्टवेअरला दिला. तिच्या नाही. सकाळी कुणी यायच्या आत जुना पासवर्ड परत टाकला.

तिची फाइल रिकामी निघाली. कल्पना गोरीमोरी झाली. "साहेब, कालपस्तोर चालत व्हतं. पासवर्ड बदलला व्हता कुणीतरी." तिथंच जुना पासवर्ड टाकून पाहिला – लागला. व्यवस्थापकांनी माझ्याकडं बघितलं. "बदलला होता का हो?"

"नाही," मी म्हणालो.

एवढ्यावर ती खोटारडी ठरली. आधीचे निकालही तिनं बनवलेले असतील, असं व्यवस्थापक बोलून गेले. तिची बदली बेल्हे केंद्रावर, दुधाच्या पावत्या फाडायला झाली. काही महिन्यांत तिनं नोकरी सोडली. जाताना मला भेटली नाही.

पुढच्या खंडेनवमीला बोरीचा राउटर बंद केला, पुजला, चालू केला – आणि नव्यानं केलेलं सगळं तो विसरला. माझ्या सॉफ्टवेअरनं जपलेली प्रतही जुनीच. पुन्हा हातानं सगळं भरत बसलो. व्यवस्थापक घाम पुसत म्हणाले, "बरं झालं राव, त्या पोरीचं घेतलं न्हाई. तुमचं निदान चालतं तरी."

पहिल्या वेळी रागात केलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण या दुसऱ्या वेळी कसला राग होता? – कसलाच नव्हता. मी मान डोलावली.

हे छापून आलं, की संघातली जुनी माणसं वाचतील, मला ओळखतील. ओळखू देत. त्यासाठीच कल्पनाचं नाव बदललेलं नाही. बेल्ह्याचा पासवर्ड मी बदलला होता. ती खरं बोलत होती.