नसीमची पायरी भंगारात जाणार नाही

काल, मंगळवारी, सकाळी साडेअकरा वाजता आमच्या डिझाइन कॉलेजने नसीमला दुसऱ्यांदा मारलं.

पहिल्यांदा कॅन्सरने. त्याला मी काही बोलू शकत नाही. कॉलेजला बोलू शकते.

तिला जाऊन काल वर्ष झालं. ती तिथे शिकवायची; मी तिथली निवृत्त ग्रंथपाल, आणि कॉन्व्हेंटपासूनची तिची मैत्रीण. म्हणून बोलावणं: "मॅडम, आपण दोन शब्द बोला."

वर्कशॉपमध्ये गेले. भिंतीवर तिचा फोटो, फोटोला हार.
खालची मांडणी रिकामी.

त्या मांडणीवर तिची प्रोटोटाइप्स असायची. पुठ्ठ्याची, प्लायची. मोडलेली तर मुद्दाम जपलेली. नवीन बॅचच्या हातात ती पहिल्या दिवशी तीच द्यायची.
"कुठे मोडलंय बघा. उद्याची वस्तू तिथून सुरू होते."

आता शेजारी काचेचं कपाट आहे. आत चकचकीत मॉडेल्स. हात लावू नये, अशी पाटी.

"जुनी कुठे गेली?" मी विचारलं.
"मॅडम, ते रफ काम होतं," डायरेक्टर म्हणाले. "उद्या तपासणीला कमिटी येतेय. भंगारचा टेम्पो खाली उभा आहे."

खाली गेले. टेम्पोत सगळ्यात वर नसीमची पायरी.

बसची पहिली पायरी आमच्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणून तिने दाराला अडकवायची घडीची पायरी करायला घेतली. बस नव्हतीच. वर्कशॉपच्या ओट्याला लावून मला चढवायची.

पहिली मोडली, मी आपटले. ही बाई आधी तडा कुठे गेला ते बघत बसली.
"अगं, लागलं का विचार तरी!"
"लागलं तर तू सांगशीलच. पायरी सांगणार नाही."

शेवटची तिने आजारपणात केली.
"तुझं वजन आणि तुझा तोरा, दोन्ही झेलले तर पास."
माझं चढून बघायचं राहिलं. ती गेली.

"पण मॅडम, ही पायरी लागेल अशी बस आहे कुठे?" मागोमाग आलेले डायरेक्टर म्हणाले.
नाही. म्हणूनच आधी पायरी केली. जे अजून नाही, त्यावर पाय ठेवून बघायचा, हेच ती तुमच्या पगारात जन्मभर शिकवत होती.

मी पायरी उतरवून घेतली. टेम्पोच्या फाळक्याला अडकवली. आणि साडी सावरत चढले.

वर जाऊन बसले. सगळा माल उतरेपर्यंत उठले नाही.

नसीम, करकरली, पण मोडली नाही. पास.
जा आता निवांत. इथलं मी बघते.

डायरेक्टर महोदय, माल सध्या पार्किंगमध्ये पडलाय. तो मांडणीवर, मुलांच्या हाताला लागेल असा, कधी परत जाणार ते लेखी कळवा. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत. फोन करू नये. "बघतो" हे उत्तर धरलं जाणार नाही.