खुराड्यातला पाहुणा

फुलंब्रीच्या बाजारात कोंबड्या विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. मला काळ्याभोर कडकनाथ कोंबड्या हव्या होत्या. तो म्हणाला, "पहिल्यांदाच पाळताय नव्हं? मग गावरान घ्या. ती आपलं आपण बघती. पण आधी घर दाखवा. घर बघितल्याबिगर मी कोंबडी देत नाय."

रविवारी तो मुकुंदवाडीला आमच्या घरी आला. चहा नको म्हणाला, टोपी काढून खिशात घातली आणि परसातल्या कपाटाएवढ्या नव्या खुराड्यात शिरून उकिडवा बसला.

"लावा कडी. आता मी कोंबडी, तुम्ही मुंगूस. या आत."

मी शाळेत गणित शिकवतो. शेजारीण गच्चीवरून बघत असताना मी खुराड्याभोवती रांगलो. मागच्या जाळीच्या फटीतून माझा हात आत गेला आणि त्याच्या पाठीला लागला.

"मेलो," तो शांतपणे म्हणाला. "जाळी बारीक लावा. पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी मी गुडघे सोलून निघेपर्यंत रांगलो, पण कुठूनच हात शिरेना.

"झालं. आता कोंबड्या देतो," तो आतून म्हणाला. मी कडी काढायला गेलो, तर त्यानं हातानंच थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या की जरा. आमच्या घराला अशी कडी नाय."

त्यानं भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. थोड्या वेळानं घोरायला लागला.

आणि मी, मुंगूस, बाहेर त्याची राखण करत बसलो.