मापवहीतली सात फुटी बाई

गेल्या मंगळवारी माझं एक लफडं उघडकीस आलं. घरात सगळ्यांना ते माझ्या आधी कळलं.

सकाळी आंघोळ करून बाहेर येतो, तर बैठकीत माझे साळे, दादा, बसलेले. नरखेडहून, पहिल्या एसटीनं! शेजारी संत्र्यांचं पोतं. (दादा सुखात येवोत की दुःखात, संत्री आणतातच.) त्यांच्याजवळ भरलेली बॅग, आणि बॅगेला टेकून माझी बायको शोभा. डोळे सुजलेले.

“दादा, अचानक? कोणी गेलं का?”

“अजून नाही,” दादा म्हणाले. “बसा, जवाईबापू.”

माझ्याच घरात मला ‘बसा’ म्हटलं, तेव्हा मी पाहुण्यासारखा कडेला बसलो. दादांनी टिपॉयवर माझी मापवही आपटली. आदल्या दिवशी पिशवीतून डबा काढताना ती शोभाच्या हाती लागली होती.

आता या वहीचं पाप सांगायलाच हवं. लकडगंजात माझं लाकडाचं दुकान आहे, मागे लाकूड कापायची आरामशीन. ती अशी किंचाळते, की गिऱ्हाइकांशी मी तीस वर्षं ओरडूनच बोलतो. घरी मी ‘मीठ दे’ म्हटलं, की शेजारच्या काकूही मीठ घेऊन येतात! तर दिवाळीत मुलीनं माझ्या फोनवर अमेरिकेतली जुनी जाझ गाणी लावून दिली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची प्रेमगाणी. रेकॉर्डची खरखर, एक पियानो, आणि एक बाई अगदी कानाशी येऊन गाते. ओरडत नाही! तालाच्या जरा मागेच राहते, सांगू की नको अशा विचारात असल्यासारखी. दाताचा डॉक्टर सोडला तर माझ्याशी इतक्या हळू आवाजात आजवर कोणी बोललंच नव्हतं. मी पागल झालो. इंग्रजी सगळं कळेना, म्हणून दुकानात डिक्शनरी घेऊन तिची आणि पुरुष गायकांचीही एकेक ओळ मराठीत उतरवू लागलो. हाताशी होती ती मापवही.

दादांनी चष्मा लावला. “‘तू गेल्यापासून घड्याळही पाय ओढत चालतं. तुझी कपबशी मी अजून विसळली नाही.’ हे काय होय?”

“गाणं!”

“‘राणी, एकदा हो म्हण, मी टोपी हातात घेऊन दारातच उभा आहे.’ कोणाच्या दारात?”

“अमेरिकेत!”

“बापा!” शोभा ओरडली. “अमेरिकेची हाये, दादा!”

विरजण मागायला आलेल्या काकू वाटीसकट दारातच खिळल्या. दादांनी पान उलटलं आणि त्यांचा आवाजच बसला.

“‘लांबी सात फूट. रंग पिवळसर. गाठ एकही नाही. शुक्रवारी उचलणार.’”

“सात फूट?” काकू म्हणाल्या. “चौकटीतून कशी येईन वं शोभा ते?”

“अहो, ती फळी आहे! सागवानाची!” मी ओरडलो. “थांबा, गाणंच ऐकवतो!” म्हणून खिशात हात घातला. फोन दुकानात राहिला होता.

“पाहा, फोनई लपवला!” शोभाला रडू फुटलं. “तीस वर्षांत मले कधी राणी म्हटलं तुमी? ‘अवं’ म्हणता! ‘अवं, डबा!’ मी चालली माहेरी, नरखेडले.”

आणि तिनं खरंच बॅग उचलली. बॅगेच्या कप्प्यातून तिच्या बीपीच्या गोळ्या डोकावत होत्या, पूर्ण महिन्याच्या! मी हादरलो. इतका वेळ मला यात थोडी गंमत वाटत होती, ती तिथल्या तिथे संपली. खरं म्हणजे ती कपबशी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर शोभाचीच होती, कान तुटलेली. पण हे तोंडानं कसं सांगतात, तेच मला येत नव्हतं.

“गाणं हाये न?” दादा म्हणाले. “मंग गाऊन दाखवा.”

मी डोळे मिटले आणि आरामशीनवर कमावलेला आवाज लावला. पहिल्या ओळीला काकूंच्या हातातली वाटी पडली. दुसऱ्या ओळीला रस्त्यावरून कोणीतरी विचारलं, “काही लागलं का गा?” तिसरी ओळ दादांनी हात जोडून थांबवली.

“पुरे! शोभे, ठेव ते बॅग. माझी खात्री पटली.”

“गाणंच आहे म्हणून ना?” मी आशेनं विचारलं.

“नाही. या आवाजाच्या माणसाच्या मागं कोणती बाई लागन?”

शोभा पदर तोंडाशी लावून हसायला लागली. मी निर्दोष सुटलो, पण ज्या कारणानं सुटलो त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

दादा दुपारच्या एसटीनं गेले. संध्याकाळी शोभानं मापवही माझ्यापुढे सरकवली.

“ते कपबशीचं वाचा. माझ्यासाठी.”

मी घसा खाकरला.

“वाचा म्हटलं. गाऊ नका.”

मग मी अगदी तिच्या कानाशी जाऊन, त्या गाणाऱ्या बाईसारखं, जमेल तितक्या हळू आवाजात वाचलं. शोभानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, “अवं शोभा, विसळून टाक न ते कपबशी! किती दिवस ठेवतं?”