फोनवर आलेली हाक

तीन तालुक्यांतल्या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचं काम माझ्याकडे होतं. शाळा फार, विशेष शिक्षिका मोजक्याच. वडवणीकडच्या एका गावात जन्मापासून ऐकू न येणारी सात वर्षांची मुलगी होती. अंबाजोगाईला तपासणी होऊन तिला कानाचं मशीन मिळालं होतं आणि आमच्या एक बाई तिला आवाज ओळखायला, काढायला शिकवत होत्या.

दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले. मुलीला गावात मागे राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहात ठेवा, असं मी सुचवलं. आई तयार होईना.

"बाकीची पोरं फोनवर बोलतेत. हिला कसं सांगू, आमी वापस येणार म्हणून?"

बाईंनी जमिनीवर बसून चित्रं काढली. ट्रक, ऊस, फडावरची झोपडी म्हणजे कोपी, मग पुन्हा घर. मुलीने त्यांवर बोट फिरवलं, आईकडे पाहिलं आणि वसतिगृहात राहिली. बाई रोज तिथे जायच्या.

फेब्रुवारीत बाईंनी मला मुद्दाम बोलावलं. माझ्यासमोर आईला फोन लावून तो मुलीच्या तोंडापाशी धरला. मुलीने बाईंच्या ओठांकडे पाहिलं, स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला.

"आऽई."

जाड, घोगरा आवाज, पण स्पष्ट. पलीकडे उसाच्या फडातला गलका. मग आई म्हणाली, "तीच हाय का?"

पुढच्या वर्षी मुलं कमी भरली म्हणून ते वसतिगृह उघडलंच नाही. मी वरपर्यंत जाऊन भांडलो. शेजारच्या गावात सोयही केली. पण बाईंकडे आणखी एक तालुका आला होता, आणि त्या रोज नसतील तर आई मुलीला सोडणार नव्हती. मुलगी आईबापांच्या ऊसतोड टोळीबरोबर गेली.

उन्हाळ्यात परतली तेव्हा पाणी जाऊन मशीन बंद पडलेलं. नवं मिळवलं, पण ते घातलं की ती रडायची. बाई समोर बसल्या तरी तिचं लक्ष धाकट्या भावाकडे. त्याला सांभाळणं आता तिचं काम होतं.

"सर," आईने एकदा विचारलं, "त्या दिवशीचा आवाज तुमी फोनमदी ठेवलाय का?"

ठेवला नव्हता. तेव्हा वाटलं होतं, आता ती रोजच हाक मारणार.

यंदा टोळी निघाली तेव्हा मी गावातच होतो. मुलगी भावाला कडेवर घेऊन ट्रकमध्ये चढली. मी हात केला. ती दुसरीकडे बघत होती.