पूर्वी बैलगाडी

कुठलंही लाकूड दिसलं की बाई बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायच्या, कान लावायच्या आणि म्हणायच्या, “हं, बोला.” मग ते चहाच्या टपरीवरचं बाकडं असो की बँकेतलं टेबल. एकदा मी झाडतोडीविरुद्ध तावातावानं भाषण करत होते. बाई उठून पुढे आल्या आणि माझ्यासमोरचं टेबल वाजवून माझ्याच माइकमध्ये पुटपुटल्या, “प्लायवूड!” सगळी सभा हसली. तुम्हीही हसला असता.

मला त्यांनी शाळेत कार्यानुभव शिकवला. निवृत्तीनंतर गंगापूर रोडवरच्या आपल्या गॅरेजमध्ये त्या गिटारी बनवू लागल्या. लहानपणी मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये शेजारचे गार्डकाका मांडीवर आडवी ठेवून हवाईयन गिटार वाजवायचे. तो लांबत जाणारा सूर बाईंच्या कानातून कधी गेलाच नाही. पुढे त्यांनी वाचलं, की हवाईत कोआ नावाच्या झाडाच्या गिटारी करतात आणि कोआ बाभळीच्याच नात्यातला. “अगं, म्हणजे आपल्या बांधावरचीच की!” त्या फोनवर ओरडल्या.

मोडीत निघालेल्या बैलगाड्यांची बाभूळ त्या गावोगाव फिरून आणायच्या. पहिली गिटार आम्हा दोघींना मिळून उचलावी लागली. “गाडीच झाली गं परत. बैल तेवढे आण.” मग कित्येक महिने रंधा चालला. गिटारीच्या माथ्यावर त्या फुलं कोरायच्या, तीही बाभळीची, गोंडेदार.

एक दिवस एक मोठा दुकानदार आला. गिटार वाजवताना त्याचे डोळे मिटले. “मॅडम, कराल तेवढ्या घेतो. फक्त आत चिठ्ठी लावा, हवाईचं कोआ म्हणून. बाभूळ कोण घेणार?”

आपली गिटार कुणीतरी चार लोकांसमोर वाजवावी, एवढीच बाईंची हौस, आणि दुसरं कुणी विचारायलाही येत नव्हतं. “कळवते,” एवढं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी निषेधाचं पत्रकच लिहून नेलं. बाईंनी लाल पेन घेतलं.

“चार उद्गारचिन्हं? एक ठेव. मुद्दा बरोबर आहे.”

मग त्यांनी गिटारींत आपल्या हातानं चिठ्ठ्या डकवल्या. एकीत लिहिलं: ‘बाभूळ. मुक्काम दिंडोरी. पूर्वी बैलगाडी.’ सगळ्या दुकानदाराकडे पाठवल्या. सगळ्या परत आल्या.

मी धुमसत होते. बाई टेम्पोतून एकेक गिटार उतरवून घेत होत्या. तेवढ्यात चिठ्ठीतल्या त्या बैलगाडीचे मालक, दिंडोरीचे बाबा, मुलाच्या मोटारसायकलवरून द्राक्षं घेऊन आले. बाईंनी ती गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. तारा हवाईच्या रीतीनं सैल लावलेल्या. कुठे न दाबता नुसता अंगठा फिरवला तरी सूर जुळून येतात. बाबांनी फिरवला. दचकले. पुन्हा फिरवला.

“माझी गाडी हाय ही?”

“तुमचीच.”

“लय कुरकुरायची हो! आता बघा, कशी लाडात आली.”

बाईंना हसता हसता खाली बसावं लागलं. “न्या बाबा तिला. तुमच्याकडेच राहू दे.”

बाई गेल्या त्याला वर्ष होईल. मला त्या दिसतात त्या त्याच दुपारच्या. मोटारसायकल निघाली आहे आणि केसांत भुसा घेऊन बाई मागे धावताहेत, “अहो, उन्हात ठेवू नका तिला!” पुढे लाल सिग्नलला रिक्षा, बस, स्कूटर, सगळा गंगापूर रोड थांबला आहे, आणि मागच्या सीटवर बाबा वाजवताहेत.